निळ्या शाईचा वर्ग

“स्वतःची छत्री ने,” आई म्हणाली होती. “आणि हातात ठेव, बॅगेत नको. तिकडे एकदा दुसऱ्याच्या छत्रीत उभी राहिलीस ना कल्याणी, की परत यायची नाहीस.”

कोलंबसचा विमानतळ, चेक-इनची रांग. मी हसण्यावारी नेलं. “आई, एक टर्म शिकवायला चाललेय. आणि ओहायोत काय पाऊस पडत नाही?”

बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच होतो. लहानपणी नागपूरहून अमेरिकेत आलेली मी, आणि हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पाळ्या करून मला कॉलेजात घालणारी ती. शिक्षिकेच्या पदवीतली एक टर्म परदेशातल्या शाळेत करता येत होती. मला लंडनच्या क्रॉयडन भागातली एक प्राथमिक शाळा मिळाली. ख्रिसमसला परत येईन, असं वचन देऊन निघाले. तिला एकटीला ठेवून राहणारी मी कोण?

पहिल्या सोमवारी ट्रामच्या स्टॉपवर उभी होते. पाऊस पडत नव्हता, नुसता हवेत लोंबकळत होता. छत्री खोलीवर. कानाला फोन, फोनवर रात्रपाळीवरची आई.

“छत्री आहे ना?”

“आहे गं, डोक्यावरच आहे,” मी बिनधास्त खोटं बोलले.

आणि डोक्यावर खरंच एक हिरवी छत्री आली.

“आता खरं झालं,” कोणीतरी चक्क मराठीत म्हणालं.

वळून पाहिलं. उंच, किडकिडीत, चष्म्यावर थेंब… आणि काखेत अंड्यांच्या रिकाम्या ट्रेंचा गठ्ठा.

“तुम्ही लोकांचे फोन ऐकता?”

“अख्खा स्टॉप ऐकतोय. कळला फक्त मला.”

“अमेरिकन आहे मी. आम्ही मोठ्यानेच बोलतो.”

“अमेरिकन? ऐकून तर नागपूर वाटलं. माझा आई पण नागपूरचा.”

“माझी आई, नागपूरची.”

“बघ! ओळख नाही, पाळख नाही, लगेच करेक्शन. टीचर आहेस काय?”

“आहे… म्हणजे होणार आहे.”

तो हसला. हसताना सगळे ट्रे कलंडले आणि आम्ही दोघं फलाटावर ओणवे होऊन ते गोळा करू लागलो. छत्री मात्र त्याने माझ्यावरून हलू दिली नाही. त्याची पाठ भिजत होती… मी पाहत होते.

फोन चालूच होता. “कल्याणी? कोणाची गं ती छत्री?”

त्याचं नाव प्रज्ञेश. जन्म क्रॉयडनचा. माझ्याच शाळेत, माझ्या शेजारच्याच वर्गाचा शिक्षक. त्याच्या आईच्या ओळखीतली सगळी मुलं बँकेत नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये. “समारंभात आई मला हळूच इंट्रोड्यूस करते,” तो म्हणाला, “जणू मला काही आजार आहे. पण अंड्यांच्या ट्रेचा मगर बनवायला कोणाच्या पोराला येतो? मला येतो.”

मी ज्यांच्या हाताखाली होते त्या मिसेस होल्डन शिस्तीच्या, पण मायाळू. पहिल्या आठवड्यात मी वर्गाच्या मागे बसून बघत होते. एस्मे नावाची आठ वर्षांची मुलगी, शेजारचे सगळे पेनने लिहीत असताना, पेन्सिलचं टोक चावत बसली होती. वहीचं पान खोडून खोडून विरलेलं. मी माझं निळं पेन तिच्या हातात दिलं. बस्, एवढंच.

दुपारपर्यंत दोन मुलं रडली होती आणि एक आई फाटकाशी येऊन उभी होती.

इकडे ‘पेन लायसन्स’ असतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. अक्षर नीट जोडून येईपर्यंत पेन्सिल. जमलं की असेंब्लीत सगळ्यांसमोर सर्टिफिकेट आणि पेन. “असं नुसतं देऊन टाकायचं नसतं, डिअर,” मिसेस होल्डन हळुवार म्हणाल्या. ते हळुवारपण ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

स्टाफरूममध्ये प्रज्ञेशने माझ्यापुढे चहाचा मग सरकवला. “आठवडा नाही झाला आणि क्रांती? तुम्ही अमेरिकन लोक चहा तरी पिऊ द्या आधी.”

एरवी हसले असते. त्या दिवशी नाही.

“माझे आजोबा वर्गाच्या दाराबाहेर बसून शिकले, प्रज्ञेश. मास्तर त्यांच्या पाटीला हात लावत नसत. आणि मी एका पोरीला सांगू, की पेन धरायची तुला अजून परवानगी नाही?”

चहा घेणाऱ्या बाकीच्यांना वाटलं असेल, दोघं गावाकडच्या गप्पा मारताहेत. प्रज्ञेशने मग खाली ठेवला.

“माझे पण,” तो म्हणाला. “दाराबाहेरच… आणि मी ह्याच गावात दहा वर्षांचा होईपर्यंत पेन्सिलने लिहिलं. गेली चार वर्षं स्वतः ती सर्टिफिकेटं वाटतोय. एकदाही डोक्यात आलं नाही.”

घंटा झाली. चहा तसाच टाकून तो उठून गेला. मला वाटलं, दुखावलं मी त्याला. रात्री आईशीही धड बोलले नाही.

दुसऱ्या सकाळी आमच्या दोन वर्गांमधल्या काचेतून सहज पाहिलं… आणि पाहतच राहिले. त्याचा अख्खा वर्ग पेनने लिहीत होता. एकूण एक पोर! बोटं निळी, एकाचं नाक निळं, एकीच्या वेणीच्या रिबिनीला शाई. आणि मधोमध तो — शर्टाच्या खिशावर हा एवढा डाग. त्याने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. हसला नाही. नुसतं पाहिलं… आणि मला खडू सापडेना. (आमच्या वर्गात खडू नसतोच. तेही आठवेना.)

हेडने, म्हणजे मुख्याध्यापकांनी, त्याला बोलावून घेतलं. पोरांची रांग सोडून मी कॉरिडॉरमध्ये थांबले होते.

“काय म्हणाले?”

“शाळेची पद्धत मोडलीस म्हणाले. मी म्हटलं, हो, मोडली. का मोडली ते सांगितलं. तुझे आजोबा, माझे आजोबा.”

“मग?”

“मग म्हणाले, टर्मभर करून बघ. अक्षरं बिघडली तर जबाबदारी तुझी.” त्याने बोटांवरची शाई माझ्यापुढे धरली. “बिघडली तर नोकरी जाईल, मॅडम. तुम्ही वाचवणार?”

“मी ख्रिसमसला जाणार आहे,” मी म्हणाले, आणि पहिल्यांदाच ते म्हणावंसं वाटलं नाही.

मग जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं मुलांकडून अक्षरं गिरवून घेत बसायचो. मिसेस होल्डनने न बोलता एस्मेलाही आमच्याकडे पाठवायला सुरुवात केली. “मिस, हे खोडता येत नाही,” एस्मे घाबरून म्हणाली. “नाही येत,” मी म्हटलं. तिने विचार केला. “मग मी आधी ठरवते, मग लिहिते.” प्रज्ञेश माझ्याकडे बघून म्हणाला, “ऐकतेस ना? आधी ठरवायचं.”

टर्म संपली तेव्हा अक्षरं बिघडलेली नव्हती. कोणाला लायसन्स मिळालं त्याचा फळ्यावरचा तक्ता हेडने स्वतः उतरवला. मला इतका अभिमान वाटला, की तो कोणाला सांगू हेच कळेना.

जायच्या आदल्या शनिवारी आम्ही लंडनमधल्याच कॅमडेनला गेलो. बाबासाहेब विद्यार्थी असताना राहिले, त्या घरी. वरच्या खोलीत दोघं हात जोडून उभे राहिलो. बाहेर येऊन रस्त्यालगतच्या भिंतीला टेकलो. थंडीने त्याचे कान लाल झालेले.

“मी ओहायोला येऊ?” तो एकदम म्हणाला. “तुझी आई एकटी आहे. तिथेपण शाळा असतात.”

“आणि तुझा वर्ग?”

तो चष्मा पुसू लागला.

“वर्ग सोडून आलेला माणूस मला नकोय, प्रज्ञेश.”

“मग कसला हवाय?”

“शाई लागलेला.”

त्याने माझा हात स्वतःच्या कोटाच्या खिशात घातला. खिशात पोरांकडून जप्त केलेला भोवरा होता. तो बोचत होता, तरी मी हात काढला नाही.

ख्रिसमसला घरी गेले. वचन होतं. विमानतळावरून येताना गाडीतच आईला सांगितलं.

“करतो काय तो?”

“शिकवतो. आठ वर्षांच्या मुलांना.”

आई सिग्नल हिरवा होऊनही निघाली नाही. मागून हॉर्न वाजला. मग म्हणाली, “मास्तर! तुझ्या आजोबांना सांगायला हवं होतं गं…” आणि थोड्या वेळाने, “पदवी पुरी कर आणि जा. माझं मी बघते. मी ठीक आहे.”

आता आम्ही क्रॉयडनमध्येच असतो. मीही त्याच शाळेत शिकवते. प्रज्ञेशच्या आई समारंभात आता मोठ्याने सांगतात, “दोघंही टीचर!” आमची स्वराली पाळण्यात आहे. तिचा श्वास चालू आहे ना, हे मी उठून उठून बघते. प्रज्ञेश हसतो. मला हसू येत नाही. ती उद्या छत्री विसरून कुठल्या देशात जाऊन उभी राहील, या विचारानेच माझी झोप जाते. आणि मग आई आठवते. गेल्या हिवाळ्यात ती बर्फावर घसरून पडली. मला कळलं, ते प्लास्टर निघाल्यावर.

तुमच्यापैकी कोणी कोलंबसला असेल, तर एकदा तिच्याकडे डोकावाल का? ग्रॅन्ट अव्हेन्यूवर, निळ्या दाराचं घर. ती दारातूनच म्हणेल, मी ठीक आहे. ऐकू नका. आत जा, चहा मागा, आणि ती उठून चालताना कशी चालते, तेवढं मला कळवा.