काकांचं क्रियापद

दिघीहून मुरुडजवळच्या आगरदांड्याकडे जाणारी संध्याकाळची फेरीबोट सुटता सुटता तो धावत आला, माझ्या शेजारी कठड्याला टेकला आणि खिशातून काढलेली वस्तू शर्टाला पुसू लागला. तळहातावर मावणारा गेमचा हँडहेल्ड. पडद्यावर शब्द उमटले – 'नवा खेळ', 'पुढे चालू', 'येतो'.

मी वाकून परत वाचलं. ते शब्द माझे होते!

सांगते. जुने गेम खेळणाऱ्यांसाठीचा हा हँडहेल्ड. त्याची सर्किटं, प्रोग्रॅम सगळं इंटरनेटवर खुलं. कोणीही घ्यावं, घरी बनवावं, सुधारावं. तो बनवणारा बोर्लीचा रत्नपाल, मोबाइल दुरुस्त करतो. मराठी शब्द माझे. आठ महिने आम्ही त्या शब्दांवरून लिहून लिहून भांडतोय. मुलगी आहे कळलं की नको ते मेसेज सुरू होतात, म्हणून मी 'मुरुडकर' नाव घेतलं आणि 'करते', 'बघते' कधी लिहिलंच नाही. घर मुरुडला, पण दिघीपलीकडे सरकारी कचेरीत कारकून आहे मी. 'कार्यवाही होईल', 'कळवण्यात येईल' हातचंच! त्यावरून त्यानं मला निवृत्त काका ठरवून टाकलं. आणि त्याच्या 'अहो काका'वर मी चक्क भाळले. हसू नका.

"मुरुडला कोणाकडे?" मी विचारलं.

"काकांकडे. भेटायला येऊ का विचारलं, तर 'कळवण्यात येईल' म्हणाले नि तीन दिवस गप्प. आजारी पडले असतील तर? म्हातारं माणूस." त्यानं पडदा माझ्यापुढे धरला. "चष्मा असेल म्हणून अक्षरं मोठी केलीत, बघा."

म्हणजे हाच रत्नपाल! भुरभुर पावसाचे थेंब त्याच्या पापण्यांवर अडकले होते. मला धड बघवेना, नजरही हटवता येईना...

"पत्ता आहे?"

"नाय. विचारत फिरेन. मित्र म्हणतो, कोणीतरी फसवतंय. पण ज्या कामात सगळं खुलं, त्यात कोणी लपवाछपवी केली ना, तर मी परत बोलणार नाय त्याच्याशी."

झालं! सांगावं तर हा गेला, न सांगावं तर बिचारा भिजत दारोदार फिरणार.

"हुशार हायत पण काका," तो कौतुकानं म्हणाला. "मी लिहिलेलं 'बाहेर पडा'. ते म्हणाले, घरातून निघताना माणूस 'येतो' म्हणतो. पटलं. फक्त पोरी खेळल्या तर 'येते' पायजे, हे काय त्यांच्या डोक्यात आलं नाय."

"आलं होतं!" मी उसळले. "मीच मुद्दाम लिहीत नव्हते, कारण –"

जीभ चावली. पण उशीर झाला होता.

तो वळून माझ्याकडे बघतच राहिला. "...काका?"

"मैत्री. नाव आहे माझं," मी पुटपुटले.

"आठ महिने खोटं बोललात?"

"खोटं एकही वाक्य नाही. क्रियापदं तेवढी लपवली. आता विचारा काहीही."

बोट धक्क्याला लागली. गाड्या उतरल्या, माणसं उतरली. तो हलला नाही.

"उद्या भांडाल परत?" त्यानं शेवटी विचारलं.

"भांडेन."

"'भांडेन'मध्ये पण कळत नाय, बाई बोलतेय का बुवा. नीट बोला की!" ओठांच्या कोपऱ्यातलं हसू लपवता येत नव्हतं त्याला.

माझे कान तापले. "रोज तुमच्या मेसेजची वाट बघते मी. तीन दिवस घाबरले होते... काका नाहीत हे बघून परत गेलात तर? आवडता तुम्ही मला."

त्यानं हँडहेल्ड माझ्या हातात ठेवला. बोटं मात्र काढून घेतली नाहीत.

"मग चला, घरी न्या."

"घरी काका नाहीत. पप्पा आहेत."

"त्यांनाच भेटायचंय आता," तो म्हणाला, आणि घाईघाईनं ओले केस नीट करू लागला.