राहिलेले आभार

बिजेश आमच्या गावी पोस्टमन म्हणून आला, त्याच आठवड्यात माझ्या हातातली जाडजूड कादंबरी वाचनालयाच्या शिडीवरून थेट त्याच्या डोक्यात पडली.

“ही वाचायची की सोसायची?” डोकं चोळत त्याने विचारलं. तिथून सगळं सुरू झालं.

आज त्याच कादंबरीवर वाचनालयात चर्चा होती. बोलणार बिजेश, आणि शेवटी आभार मानणार मी. पण माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीत होतं. काल पुस्तकं लावताना मी त्याला विचारून बसले होते, “लग्नानंतर आमच्या घरी राहशील? अम्माला एकटं टाकून मी कुठेही जाणार नाही.”

“उद्या सांगतो,” म्हणाला आणि सायकलवर बसून निघूनही गेला. उद्या म्हणे! रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

आणि कादंबरी नेमकी एका घरजावयाची!

पहिल्याच रांगेत अम्मा, माझी आई, बसली होती, हातात काळ्या चहाचा ग्लास घेऊन. बिजेश माइकपाशी आला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“यातला जावई मूर्ख आहे,” त्याने सुरुवातच केली.

लोक हसले. संपलं... सगळं संपलं.

“जन्मभर सासरी राहिला,” तो म्हणाला, “पण राहिला पाहुण्यासारखा. भिंतीत एक खिळा कधी स्वतःहून ठोकला नाही.”

“मग तू काय केलं असतंस रे?” अम्माने बसल्या जागेवरूनच विचारलं. जन्म शाळेत शिकवण्यात गेला, प्रश्न विचारल्याशिवाय तिला राहवत नाही.

बिजेशचे कान लाल झाले. “मी... आधी विहिरीची कप्पी बदलली असती, अम्मा. रोज टपाल द्यायला येतो तेव्हा कुरकुरताना ऐकतो.”

आजवर तो तिला ‘टीचर’ म्हणायचा.

“या कादंबरीत विहीर कुठे आहे?” अध्यक्ष, गावचे मास्तर कुमारन माश, पानं उलटू लागले.

“कादंबरीत नाही, माश,” बिजेश म्हणाला... आणि आत्ता कुठे त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी आभाराला उभी राहिले. आमच्याकडे आभारात एखाद्याचं नाव राहिलं तर तो वर्षभर तोंड फिरवून जातो. मी कुमारन माशांचे मानले, माइकवाल्याचे मानले, चहावाल्याचे, देवळाने खुर्च्या दिल्या म्हणून देवळाचेही मानले. आणि हात जोडले.

“अगं रजिषा, बिजेश राहिला की!” माश ओरडले. “रुसेल ना तो!”

सगळे माझ्याकडे बघत होते. अम्मासुद्धा.

“घरच्या माणसाचे आभार... मानायचे नसतात, माश.”

कुणी हसलं नाही. अम्माने ग्लास खाली ठेवला, चष्मा पुसला, परत लावला.

“बिजेश,” ती म्हणाली, “रविवारी ये, कप्पी बदलायला. आणि गावाहून आईला बोलावून घे.”