झाकणावरचे थेंब

शुक्रवार होता. आमच्या जपानी युद्धनौकेवर शुक्रवारी करी-भात ठरलेला. आचारी नोनाकासान एक ताट घेऊन हँगरमध्ये आला आणि हेलिकॉप्टरच्या रिकाम्या जागेत त्याने ते मांडलं. शेजारी झाकणाच्या वाटीत वाफाळता भात. मी वैतागलोच.

आदल्या दिवशी गोतो बेटांच्या पश्चिमेला आमचं हेलिकॉप्टर पाण्यात पडलं होतं. लाटांच्या वर हवेत एका जागी थांबायचं, तारेने सोनार, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणारं यंत्र, खाली सोडायचं आणि पाणबुडीचा कानोसा घ्यायचा, हे त्याचं काम. दोन्ही वैमानिक सापडले. सोनारवरचा इसुरुगी सापडला नाही. मीही सोनारवालाच. आम्ही एकाच खुर्चीत पाळीपाळीने बसायचो. माझ्या लग्नात माझ्यापेक्षा जास्त रडलेला दोस्त होता तो.

"परगावी गेलेल्याचं ताट घरी वाढलं की तो उपाशी राहत नाही," नोनाकासान म्हणाला. "झाकणाला आतून थेंब धरले तर तो सुखरूप."

"गरम भातावर थेंब धरणारच! शाळेत गेला होतात ना?"

"मग तू तुझ्या पद्धतीने करून बघ, शहाण्या."

मी केलं. वाटी पुसून त्यात कच्चे तांदूळ घातले, झाकणाच्या कडेने चिकटपट्टी लावली, हँगरला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

दुपारी उघडून पाहिलं. झाकणाला आतून टपोरे थेंब. तांदूळ कोरडे.

तर्क गेला खड्ड्यात. माझा जीव सुपाएवढा झाला. कॅप्टन शोध थांबवायच्या बेतात होते. थेंबांचं काही न बोलता मी त्यांच्यापुढे हात जोडले. "साहेब, आणखी एक दिवस द्या." त्यांनी दिला.

इसुरुगी सापडला. खुर्चीच्या तुकड्याला पट्ट्याने बांधलेला, तरंगत. डॉक्टर म्हणाले, पडताक्षणीच गेला.

नोनाकासान वाटी उचलायला आला. झाकण पुन्हा ओलं होतं. मी एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला.

खारट.

महिन्याभराने नवं हेलिकॉप्टर आलं. अगदी नव्या बनावटीचं, वाऱ्यातही जागचं हलत नाही म्हणे. आम्ही पुन्हा त्याच पाण्यात निघालो. पहिलं उड्डाण माझं होतं.

गोतोंपैकीच फुकुए बेटाजवळ रेंज आली आणि बायकोचा, चिहारूचा, फोन वाजला.

"अहो, बरे आहात ना?"

"ठणठणीत. का गं?"

"काही नाही. तुम्ही समुद्रावर असलात की मी तुमचं ताट वाढते. तुम्ही हसाल म्हणून कधी बोलले नाही."

मी हसलो नाही.

"रोज थेंब धरतात," ती म्हणाली. "आज दोनदा भात बदलला."

बाहेर हेलिकॉप्टरची दुमडलेली पाती उलगडत होती. कुणीतरी माझं नाव पुकारलं.

"गार झाला असेल," मी म्हणालो.

"नाही हो. हात भाजतोय. झाकण मात्र कोरडंठाक."