पुलाकडची तार

कल्याणला आगगाडी येऊन बरीच वर्षं लोटली होती, पण तारघरातली बॅटरी म्हणजे काय, हे गावात फार थोड्यांना ठाऊक होतं. परशुरामाला ते पुरतं ठाऊक होतं, आणि त्याचा त्याला मोठा अभिमान होता. काचेच्या बरण्या, तळाशी तांबं आणि निळंशार मोरचूद, वर जस्ताची चकती, मध्ये पाणी. तारेला जीव यायचा तो यातून. बरण्या परशुरामाच्या हाती आल्यापासून कल्याणची तार कधी मुकी पडली नव्हती.

त्या श्रावणात मात्र ती रोज सकाळी मुकी सापडू लागली.

संध्याकाळी भरलेल्या बरण्या उजाडेपर्यंत मेलेल्या असत. निळाई उतरून पाणी पांढरं पडलेलं, जस्त कुरतडल्यासारखं झालेलं, आणि खोलीत नदीच्या गाळाचा वास कोंडलेला.

"परशुराम, असंच चाललं तर मला वर कळवावं लागेल," तारमास्तर गुप्ते म्हणाले.

"कळवा, मास्तर. पण आधी मला चोर धरू द्या."

त्यानं मोरचूद बदललं. फरक पडला नाही. ओल्या फळीतून वीज झिरपत असेल म्हणून बरण्यांखाली कोरडी कौलं ठेवली. तरीही तेच. मग एका संध्याकाळी, सगळी यंत्रं गप्प असताना, त्यानं वीज दाखवणारा काटा मध्ये जोडला. कोणी काही वापरत नव्हतं, तरी काटा कललेलाच. तो एकेक तार सोडवत गेला. ठाण्याची सोडवली, काटा हलला नाही. कसाऱ्याची सोडवली, तरी नाही. शेवटी कोपऱ्यातली एक जुनी तार सोडवली, आणि काटा सरळ उभा राहिला.

ती मोहन्याच्या बाजूला, नदीवरच्या पुलाजवळच्या चौकीची तार होती. तिथला पहारेकरी दौलत मागे एका पुरात पाणी बघायला खांबाशी उतरला, तो वर आलाच नाही. तेव्हापासून चौकीला कुलूप होतं.

परशुराम सकाळी रुळाच्या कडेनं चालत तिथे गेला. भिंतीपाशी तार केव्हाच कापलेली होती. टोक हवेत लोंबत होतं, कशालाच टेकलेलं नव्हतं. मग वीज जात होती कुठे? त्यानं टोक हातात घेतलं. सगळी तार गंजलेली, पण टोक तेवढं लखलखीत होतं… रोज कुणी बोटांत धरावं तसं.

परत येऊन त्यानं ती तार सुटीच ठेवली. सकाळी बरण्या निळ्याशार! मास्तरांनी पाठ थोपटली आणि परशुरामाची छाती फुगली.

त्या आठवड्यातच दौलतची बायको रखमाबाई तारघराच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"दादा, पुलाची तार तुमी तोरली का?"

"सोडवून ठेवलीय. का हो?"

तिचा आवाज खाली गेला. "तवापासून तो तिन्हीसांजंला उंबऱ्यावर येऊन बसतंय… अंगातून पानी गलतंय. बोलतं, तार मुकी झायली, मी सांगू कसा…"

परशुराम एक पाऊल मागे सरला. पण रखमाबाईच्या डोळ्यांत भीती नव्हती. ती ताठ मानेनं म्हणाली, "जित्तेपनी त्यानं कदी चाकरी चुकवली नाय, दादा."

परशुरामानं त्याच दिवशी अडगळीतल्या बरण्या घासून फक्त पुलासाठी वेगळी बॅटरी मांडली आणि तार जोडली. काटा लगेच कलला. रखमाबाईच्या उंबऱ्यावर पुन्हा कोणी आलं नाही.

पुढे नदी फुगली. त्याच पुलावरून नाशिककडे जाणारी गाडी सुटायच्या बेतात असताना तारघरात पुलाच्या तारेला जोडलेली घंटा वाजू लागली. थांबेचना.

"अरे, चौकीत माणूस नाही!" गुप्ते ओरडले.

"दौलत आहे, मास्तर… गाडी सोडू नका."

गुप्त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, घंटेकडे पाहिलं, आणि स्वतः फलाटावर धावत सुटले. गाडी थांबली. कंदील घेऊन गेलेली माणसं धापा टाकत परतली. पुलाचा एक खांब पाण्यानं ओढून नेला होता आणि वर रूळ अधांतरी लोंबत होते.

रखमाबाईला हे सांगितलं तेव्हा तिनं पदर सावरला. "मंग? माजा धनी हाय तो."

त्यानंतर त्या बरण्या परशुराम स्वतः भरायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. रोज दिवेलागणीला पुलाची घंटा एकदाच वाजे. सगळं ठीक आहे, अशी. परशुराम मान लववे.

पौषात रखमाबाई गेली. त्या संध्याकाळी तो एक ठोका झाला, आणि मागून दुसरा आला. अडखळत, हलक्या हाताचा. काटा दुप्पट कलला.

मग पहिला ठोका पुन्हा पडला… सावकाश, शिकवल्यासारखा.