सोळावी फुली

"वाया गेलेली फिल्म आहे का? अगदी काळी झालेली?"

फोटो स्टुडिओचा मालक हातातलं काम टाकून माझ्याकडे बघतच राहिला.

"लोक इथे चांगले फोटो मागायला येतात," तो म्हणाला.

"मला फोटो नकोय. टेबल बनवायचंय."

"फिल्मचं?"

त्याने इतक्या गंभीरपणे विचारलं, की मी तिथेच उभ्या उभ्या त्याला सगळं समजावून सांगितलं. समोरच्या ग्रंथालयात बालविभाग मी सांभाळते. मुलं येईनाशी झाली होती. मुख्य ग्रंथपाल, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, त्या खोलीत जुन्या मासिकांचे गठ्ठे ठेवायला निघाल्या होत्या. बोट लावलं की वरची चित्रं हलतील असं टेबल करून दाखवते म्हटल्यावर त्यांनी मला तीन महिने दिले होते. टेबल चाललं तर खोली मुलांची.

"आणि बोट लावलेलं टेबलाला कळणार कसं?"

"वर जाड पारदर्शक अ‍ॅक्रिलिक. त्याच्या कडांतून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश आत सोडायचा. बोट टेकलं, की तेवढ्याच जागी तो खाली सांडतो. खालचा कॅमेरा तो ठिपका टिपतो. पण कॅमेऱ्याला साधा उजेड दिसता कामा नये, म्हणून त्याच्यापुढे काळी फिल्म. तिच्यातून तो न दिसणारा प्रकाश तेवढा पार होतो."

तो आत गेला, फिल्मचा तुकडा घेऊन आला आणि म्हणाला, "तपासायला अंधार लागेल ना? माझ्याकडे भरपूर आहे."

मग तीन महिने ग्रंथालयाच्या जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या डार्करूममध्ये असायची. फोटो धुण्याच्या औषधांचा आंबूस वास, नळाची टिपटिप, आणि टेबलावर प्रोजेक्टरने सोडलेले निळे मासे. बोट लावलं की मासा पळायचा. तो नेहमी करंगळीच लावायचा. बाकीच्या बोटांवर औषधांचे डाग असत... "तुमचं टेबल मळेल," म्हणायचा.

एकदा मी लॅपटॉपवर कॅमेऱ्यातलं चित्र बघत म्हणाले, "तुमचा ठिपका हलतोय. हात थरथरतोय का?"

"थंडी आहे."

"पंखासुद्धा बंद आहे."

"मग... टेबलच हलत असेल," तो म्हणाला, आणि दोघंही बराच वेळ मासेच बघत राहिलो.

ठरल्या दिवशी दुपारी चार वाजता आम्ही दोघांनी टेबल बालविभागाच्या खिडकीपाशी मांडलं. वीसेक मुलं जमली. मोठ्या बाई हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. मी बटण दाबलं, आणि कुणी हात लावायच्या आतच मासे सैरावैरा पळत सुटले.

मुलं खिदळली.

"यांना कोण पळवतंय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

त्याने खिडकीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "ऊन. उन्हातही तोच न दिसणारा प्रकाश असतो. आपण तीन महिने अंधारातच तपासत बसलो."

"तुमच्यासुद्धा लक्षात आलं नाही?"

"माझं लक्ष टेबलावर कुठे होतं?"

मी काही विचारायच्या आत तो रस्ता ओलांडून गेलाही होता. परत आला तो डार्करूमचा काळा पडदा खांद्यावर टाकून.

"मग तुमचं काम?"

"रिळं थांबतील. तुमच्या बाई थांबणार नाहीत."

पडदा खिडकीला लागला. मासे शांत झाले. मी लॅपटॉप घेऊन टेबलाखाली शिरले. स्क्रीन आता स्वच्छ काळी होती.

"बोट लावा," मी म्हणाले. ठिपका उमटला.

"दिसतंय?"

"दिसतंय."

"तुम्ही समोर असलात की मला बोलता येत नाही. आता चेहरा दिसत नाहीये, तेवढ्यात विचारतो... लग्न कराल माझ्याशी?"

मी ताडकन उठायला गेले. डोकं धाडकन लाकडावर आपटलं, आणि कॅमेरा जागचा हलला.

"ताई," वरून एका मुलीचा आवाज आला, "मी या माशाला हात लावते तर तो दुसराच पळतो."

"कॅमेरा हललाय," मी कसंबसं म्हणाले. "पुन्हा जुळवायला लागेल. सोळा फुल्या येतील. एकेकीवर नेमकं बोट ठेवायचं."

"उत्तर?" त्याने विचारलं.

"आधी फुल्या."

एक... दोन... तीन... ठिपके उमटत गेले. मुलं मोठ्याने मोजत होती. पंधरा झाल्या, आणि स्क्रीन काळीच राहिली.

"सोळावी राहिली," मी म्हणाले.

"लावतो. पण लावली की तुम्ही बाहेर याल, आणि मला पुन्हा धीर होणार नाही."

वरून मोठ्या बाईंचा आवाज आला, "अगं, बोल काहीतरी. मला पाच वाजता मीटिंग आहे."

मी डोळे मिटले. "हो," म्हणाले.

डोळे उघडले तर स्क्रीनवर एकदम दहा ठिपके. दोन्ही हात टेकून तो टेबलाला धरून उभा होता.

"अहो," मी म्हणाले, "एकच बोट लावायचंय."

त्याचे हात काही सुटेनात. शेवटी मोठ्या बाईंनीच त्याला बाजूला सारून सोळावी फुली दाबली. मग एका माशावर बोट ठेवलं. तो सुळकन पळाला. दुसऱ्यावर ठेवलं. तिसऱ्यावर...

"मासिकं जिन्याखाली ठेवू," त्या म्हणाल्या, आणि चौथ्या माशाच्या मागे लागल्या.

मी टेबलाखालीच बसून होते. बाहेर यायचं कसं, तेच सुचत नव्हतं. थोड्या वेळाने तो गुडघ्यांवर रांगत आत आला, डोकं सांभाळत माझ्या शेजारी टेकला. आता चेहरा समोर होता, म्हणून तो काहीच बोलला नाही.