पिठावरचा पंजा

दिवा मोठा करू नकोस. एवढा उजेड पुरे.

ताईचं तेरावं झालं आणि बाबांनी मला दिंडोरीहून तिचं सामान आणायला नाशिकला पाठवलं. हर्षालीताई शैक्षणिक कर्ज काढून एम.एस्सी. करत होती, तिथल्या द्वारका चौकाजवळ खोली घेऊन. डेंग्यू झाला आणि आठवड्यात गेली. दवाखान्यात शुद्धीवर असताना आईला म्हणाली होती, "पिठाच्या डब्यात चार महिन्यांचे चार पुडे आहेत. ते बँकेत परत भरा. बाबा जामीन आहेत."

खर्चाचे पैसे ती खात्यात ठेवतच नसे. "फोनमधून पैसा जातो तेव्हा दुखत नाही, गोऱ्या," म्हणायची. बँकेकडून कर्जाचा हप्ता जमा झाला की खर्चापुरते काढायची, दर महिन्याचा एक पुडा बांधायची आणि ज्वारीच्या पिठात पुरायची. मी गाडीच्या टायरसाठी कितीदा मागितले. "शिकायला घेतलेत, तुझ्या टायरला नाही," एवढंच उत्तर.

खोलीचं दार सविताने उघडलं. हरसूलची, ताईबरोबर राहणारी.

"गोरक्ष ना तू? नाक तिचंच हाय."

 खोलीची किल्ली हिच्याकडे होती. घरून निघाल्यापासून माझ्या डोक्यात तेच घोळत होतं.

खिडक्या बंद, आत जुन्या पिठाचा कडवट वास. मी डब्याचं झाकण काढलं. पीठ सपाट, आणि त्यावर पंजाचा ठसा. खळ्यावर रास पडली की आई ओल्या राखेने असेच पंजे उठवते. कोणी धान्य काढलं तर ठसा मोडतो. ताईने ते इथेही चालवलं होतं. ठशात करंगळी अर्धीच होती. लहानपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेली. हात तिचाच.

तो मोडून मी हात आत घातला. पुडे मात्र तीनच निघाले.

"चौथा कुठंय?"

"मला काय माहीत? ती गेल्यापासून मी गावाकडं होते. काल आले."

"मग काय पिठाने खाल्ला? पोलिसात देईन!"

"दे की. पण पंजा मोडलेला होता का, ते सांग आधी."

नव्हता.

ओरडा ऐकून घरमालकीण मंगलाबाई वर आल्या. "काय रे हे? भाडं मिळालंय मला या महिन्याचं. मेसवालीलाही पैसे मिळालेत."

"कोणी दिले?"

"माझ्या दाराखालून सरकवलेले होते. नोटा पिठाने माखलेल्या. मला वाटलं, सविताने..." त्या थांबल्या. "पण तेव्हा या खोलीला कुलूप होतं. तिचा दहावा होता ना त्या दिवशी..."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मला वाटलं, मिळून बनवतायत मला. डोकं फिरलं. चोरांच्या घशात जाण्यापेक्षा माझा टायर तरी येईल! एक पुडा मी शर्टाच्या खिशात कोंबला. डबा तसाच घरी न्यायचा म्हणून बाकीचे दोन पिठात टाकले, झाकण दाबलं.

थप.

मऊ आवाज. ओल्या हाताने भाकरी थापल्यासारखा. डब्यातून.

"ऐकलंस...?" सविता कुजबुजली.

थप... थप...

मी झाकण उघडलं. पीठ सपाट. वर पंजा, करंगळी अर्धी. हात आत घातला. पुडे तीन. खिसा चाचपला... रिकामा.

बाबांनी तिन्ही पुडे बँकेत भरले. सविताची मी माफी मागितली नाही. त्या दोघींनीच काहीतरी केलं असेल, असं मी अजून मनाला सांगतो.

डबा आईने घासून घेतला, त्यात आपलं पीठ भरलं. परवा मला द्राक्षबागेची मजुरी मिळाली. टायरसाठी म्हणून उशीखाली ठेवली. सकाळी उशीखाली काही नव्हतं.

तेवढ्यात आईने चुलीपासून हाक मारली. "गोऱ्या, पिठावर पंजा तू उठवलास का रे?"

"हो," मी म्हणालो.

ती उठून आली. माझा उजवा हात हातात घेतला, करंगळी टोकापर्यंत चाचपून पाहिली... आणि परत चुलीपाशी जाऊन बसली.