दाजींच्या बोटीचं इंजिन

कुणाला पटो न पटो, माझं त्यात काही जात नाही. जे जायचं ते गेलंय.

मी स्केवोस. कालिम्नोस बेटावर, वाथीच्या खोऱ्यात माझी संत्र्यांची बाग आहे. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आलो. आजही मी 'भूत' हा शब्द वापरत नाही. पण गेल्या नोव्हेंबरात, मंगळवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी रीना बंदराच्या धक्क्यावर जे झालं, ते मी दहा पावलांवरून बघितलंय.

भर उन्हात.

प्यालो नव्हतो. ते पोलिसांचं आधीच विचारून झालंय.

थोडं मागचं सांगतो, नाहीतर कळायचं नाही.

माझी थोरली बहीण सेवास्ती. तिचा नवरा थेमेलीस, म्हणजे आमचे दाजी, लाकडी बोटीतून एकटेच मासेमारीला जायचे. आमचं रीना बंदर म्हणजे दोन उभ्या कड्यांमधली समुद्राची चिंचोळी पट्टी. बोट तोंडाशी शिरली की इंजिनाचा आवाज कड्यांवर आपटत वर बागांपर्यंत येतो. कुठली बोट कुणाची, हे इथल्या बायका न बघता सांगतात. दाजींचं इंजिन तर शेंबडं पोरही ओळखायचं.

टक... टक... टक... आणि मग एक ठोका गाळायचं. लंगड्या माणसासारखं.

तो आवाज आला की ताई मंद आचेवर तेल ठेवायची आणि धक्क्यावर जायची. दाजी दोर फेकायचे, ती झेलायची, खुंट्याला दोन वेढे द्यायची. सव्वीस वर्षं हेच.

पाच वर्षांपूर्वी ती बोट भर समुद्रात सापडली. इंजिन चालू होतं. बोटीवर कुणीच नव्हतं.

दाजी मिळाले नाहीत. प्रेत नाही म्हणून कबर नाही. ताई तीन वर्षं रोज दुपारी तीनला धक्क्यावर जाऊन उभी राहायची. समजावून माझी जीभ झिजली. शेवटी मासेमारीचा परवाना सरकारला परत दिला, तेव्हा नियमाप्रमाणे बोट मशीननं मोडली. आदल्या दिवशी मी इंजिन तेवढं काढून घेतलं होतं. वर्षभर ते ताडपत्रीखाली पडून होतं.

मग गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात ताई सावरली. तिची मुलगी कालोतिना मुख्य भूमीवर, पिरेयसला असते. तिला दिवस गेले होते. तिचा फोन आला, "आई, मला तू इथे हवीस. कायमची." आणि ताई चक्क हो म्हणाली. नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारचं जहाजाचं तिकीट काढलं. ताईला फक्त तेवढ्या दिवसापर्यंत नीट ठेवायचं होतं.

एवढंच माझं काम होतं. तेवढंही मला जमलं नाही.

झालं असं की माझ्या जपानी पिकअपचं पेट्रोल इंजिन बेकार पीत होतं. चढावर संत्र्यांचे क्रेट घेऊन निघालो की काटा डोळ्यांदेखत खाली यायचा. मनात आलं, घरात चांगलं डिझेल इंजिन पडलंय. मुळात ते पिकअपचंच होतं, दाजींनी बोटीला बसवलेलं.

मी रीतसर विचारलं. "ताई, ते इंजिन गाडीत घालू का?"

"घाल की. गंजून कुणाच्या उपयोगाचं?" ती म्हणाली.

बेटावरच्या मोठ्या गावातला, पोथियातला मेकॅनिक नोमिकोस माझा जुना दोस्त. त्यानं इंजिन बघून डोक्याला हात लावला.

"समुद्राचं पाणी प्यायलेलं आहे रे हे. उद्या ब्रेक लागला नाही तर काय, नांगर टाकणार आहेस?"

"तू पाने फिरव. तोंड कमी फिरव."

आठ दिवस लागले. गिअरबॉक्सची भोकं जुळेनात म्हणून लेथवर मधली प्लेट करून घेतली. नवे माउंटिंग वेल्ड केले. पुढचा भाग वजनानं बसत होता, म्हणून स्प्रिंगा बदलल्या. खारं पाणी ओढणारा पंप काढला, रेडिएटर लावला, गोडं पाणी भरलं. डिझेल फवारणारी चारही नोझल नवी टाकली. नोमिकोस म्हणाला, "आता बघ, लंगडी गेली म्हणून समज."

गुरुवारी दुपारी त्यानं सेल्फ मारला.

टक... टक... टक...

आणि एक ठोका गाळला.

नोमिकोसच्या हातातला पाना तसाच राहिला. त्यानं नोझलं परत तपासली. सगळी ठीक होती. मग रेडिएटरचं झाकण उघडून बोट बुडवलं, जिभेला लावलं.

"खारट आहे," तो म्हणाला.

"जुनं मीठ असेल."

"असेल."

त्यानं झाकण घट्ट लावलं.

मी गाडी घेऊन निघालो. ताईचं घर धक्क्याला लागून. खोऱ्यात उतरलो तेव्हा तीन वाजत आले होते. आमच्याकडे त्या वेळी गाव झोपतं. पण एकेक खिडकी उघडू लागली. बायका दारात आल्या. कुणी हात केला नाही. नुसत्या बघत राहिल्या.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. गाढवा, तू काय करून बसलास? सगळ्या गावाला जो आवाज पाठ आहे, तो तू रस्त्यावर आणलास?

धक्क्यावर पोचलो. मांजरं जमली होती. दहा-बारा. दाजी आले की माशांसाठी जमायची तशीच.

पण गाडी त्यांच्या मागच्या बाजूला उभी होती...

एकाही मांजरानं मान वळवली नाही. सगळी पाण्याकडे बघत बसली होती.

ताई दारात होती. आत तेल तापल्याचा वास.

"ताई, मी आहे गं. ते इंजिन आहे, गाडीतलं. चूक झाली माझी."

"कळतंय रे मला. मी वेडी आहे का?" ती हसली. मग पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसत राहिली. "पण स्केवो, आवाज दोन होते."

"म्हणजे?"

"एक तुझा. वरून आला." तिनं समुद्राकडे बोट केलं. "दुसरा खालून येत होता."

कड्यांचा घुमारा असेल, असं मी म्हणालो. माझा माझ्यावरच विश्वास बसला नाही.

शुक्रवारी मी गाडीला हात लावला नाही. बागेतल्या शेडमध्ये उभी केली, किल्ली खिशात. तीन वाजले.

टक... टक... टक...

खालून. बंदराकडून.

धावत शेडमध्ये गेलो. बोनेटवर हात ठेवला. गार. आत काहीच चालू नव्हतं. रेडिएटर उघडला, पाणी चाखलं. खारट. सगळं पाणी सोडून दिलं, विहिरीचं भरलं.

शनिवारी तेच. पुन्हा आवाज. पुन्हा खारट पाणी.

रविवारी ताई जेवली नाही. बॅग भरायला काढलेले कपडे तिनं परत कपाटात लावले. माझी पाचावर धारण बसली. शुक्रवार अजून पाच दिवस लांब होता.

"ताई, तू माझ्याकडे वर चल. जहाज लागेपर्यंत."

"चल," ती म्हणाली. एवढ्या सहज की मला जास्तच भीती वाटली.

सोमवारी नोमिकोसला बोलावलं. "काढ ते. आत्ताच्या आत्ता."

त्यानं एकही टोमणा मारला नाही. शेडच्या तुळईला ओझं उचलायची चेनकुप्पी बांधली आणि संध्याकाळपर्यंत इंजिन बाहेर. हेड उघडलं, पिस्टन काढून जमिनीवर मांडले. सुटे तुकडे. आता वाजणार काय, कपाळ?

त्या दिवशी तीन वाजता कसलाच आवाज आला नाही. आम्ही इंजिनावर काम करत होतो. मला वाटलं, सुटलो. रात्री ताई दोन घास जेवली. कालोतिनाशी फोनवर बोलली, बाळासाठी विणलेल्या टोपीचा रंग सांगितला. मी बाहेर जाऊन रडलो. खरं सांगतो, आनंदानं रडलो.

मंगळवारी दुपारी नोमिकोस त्याच्या गाडीनं जुनं पेट्रोल इंजिन आणायला पोथियाला गेला. ताई ओट्यावर संत्री सोलत बसली होती. मी शेडमध्ये नट-बोल्ट डब्यात भरत होतो.

तीनला पाच कमी.

आवाज आला.

या वेळी वेगळा. जवळ... भरलेला... ओझं घेऊन येणाऱ्या बोटीसारखा. समोर जमिनीवर ते चार पिस्टन पडलेले. मी त्यांच्याकडे बघतोय, आणि तेच इंजिन खाली बंदरात शिरतंय.

ओट्यावर आलो.

अर्धवट सोललेलं संत्रं पडलं होतं. ताई नव्हती.

सवयीनं गाडीकडे धावलो. दार उघडलं, आत बसलो, किल्ली फिरवली. आणि मग कळलं. समोर नुसता खड्डा. इंजिन मीच काढलं होतं.

पळत सुटलो. दोन किलोमीटर उतार. माझं वय त्रेपन्न, गुडघा गेलेला. ताईला हाका मारत होतो, पण दुपारच्या वेळी बंद दारांपलीकडे कुणाला काय ऐकू जाणार? वळणावरून एकदा ती दिसली. काळा झगा. ती पळत नव्हती. सावकाश चालत होती, रोजच्यासारखी. तरी अंतर कमी होईना.

धक्क्यावर पोचलो तेव्हा ती काठावर उभी होती. मांजरं तिच्या पायाशी.

समोर पाणी. आरशासारखं. एकही बोट नाही.

पण आवाज तिथेच होता. अगदी काठाला लागून. टक... टक... टक... डिझेलचा वास आला मला. शपथेवर सांगतो, वास आला.

"ताई, इकडे बघ. मी आहे."

तिनं बघितलं नाही. हात वर केले आणि हवेतून काहीतरी झेललं.

तिच्या झग्याच्या छातीवर ओला पट्टा उमटला... दोर लागावा तसा.

ती वाकली. खुंट्याला दोन वेढे दिले. हात रिकामे होते. खुंट्यावरून पाणी ओघळत होतं.

मला पुढे जायचं होतं. पाय उचलेनात. दहा पावलं. लहान मूलही गेलं असतं.

"स्केवो," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "कालोतिनाला सांग, मी वाट बघत नाही आता."

मग तिनं एक हात पुढे केला. बोटीवर चढताना कुणाचा तरी धरावा तसा. आणि पाऊल टाकलं.

पाणी उडालं नाही.

माझे पाय मोकळे झाले ते तेव्हा. कपड्यांसकट उडी मारली. तिथं जेमतेम चार मीटर खोल आहे. पाणी इतकं नितळ की तळाचा खडा न् खडा दिसतो. मी तळापर्यंत गेलो. पुन्हा गेलो. पुन्हा.

काही नव्हतं.

वर डोकं काढलं तेव्हा इंजिनाचा आवाज बंदराच्या तोंडातून बाहेर पडत होता. हळूहळू... लांब... मग थांबला.

हे पाणबुड्यांचं बेट आहे. आमचे आजे-पणजे श्वास रोखून समुद्राच्या तळाचे स्पंज काढायचे. गावातला प्रत्येक गडी पाण्यात उतरला. तीन दिवस शोधलं. चप्पलसुद्धा मिळाली नाही. पोलिसांनी लिहिलं, दुःखानं खचलेली बाई, तोल गेला. मीही सही केली. काय सांगणार होतो?

इंजिनाचे तुकडे भंगारवाल्याला दिले. तो ते शेजारच्या कोस बेटावर घेऊन गेला. रात्ररात्र मी हाच हिशोब करतो. ते बसवलं नसतं तर? की काढलं नसतं तर? गाडीतच राहिलं असतं तर निदान समुद्रात गेलं नसतं का? नोमिकोस म्हणतो, "डोक्यातून काढून टाक." त्याच्या तोंडून 'काढ' हा शब्द ऐकून मला राग येतो. त्यालाही कळतं.

अकरा महिने आवाज आला नाही.

जानेवारीत कालोतिनाला मुलगी झाली. आमच्या रीतीप्रमाणे पहिलीला आजीचं नाव, सेवास्ती. पुढच्या आठवड्यात ताईचं वर्षश्राद्ध आहे. रविवारी कालोतिनाचा फोन आला, ती बाळाला घेऊन येतेय.

रविवारपासून आवाज परत यायला लागलाय.

रोज तीनला. आत शिरतो, धक्क्याला लागतो... आणि बंद होतो. परत जाताना ऐकू येत नाही. तिथेच उभा राहत असावा.

काल दुपारी मी न राहवून कालोतिनाला फोन केला. तीन वाजत आलेत, हे घड्याळात बघायचं भान राहिलं नाही.

"पोरी, येऊ नकोस. श्राद्धाचं मी बघतो. नंतर कधीतरी ये."

"असं काय करतोस मामा? माझी आई आहे ती."

"ऐक माझं. तुझ्या पाया पडतो. बाळाला इकडे आणू नकोस."

ती गप्प झाली. मागे बाळ रडत होतं, तेही गप्प झालं.

"मामा," ती हळूच म्हणाली, "हा आवाज... बाबांची बोट आहे ना?"

मी 'नाही' म्हणालो. ओरडून म्हणालो. तीनदा म्हणालो.

"काय म्हणतोयस? इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाहीये," ती म्हणाली. हसत होती बहुतेक. किंवा रडत असेल.

फोन कट झाला. नंतर लागला नाही. तिचं जहाज शनिवारी दुपारी लागतं.